ही बाई रडतेय की हिशोब मागतेय?

माझी भाची पुण्यात एका कंपनीत मेक्सिकोच्या ग्राहकांचे फोन घेते. त्यांचा दिवस उजाडतो तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ झालेली असते, म्हणून ती पहाटे घरी येते, दुपारी उठते आणि चहाचं आधण ठेवता ठेवता मोबाइलवर स्पॅनिश गाणी लावते. भाषा कानात बसावी म्हणून सुरू केलेली ही सवय आता सुटत नाही. बहुतेक गाणी प्रेमभंगाची. संथ सुरू होतात, मध्येच बाई टिपेला जाते, शेवटी व्हायोलिनांचा पूर येतो.

माझी आई तिथेच गवार मोडत बसलेली असते. एका सहकारी बँकेत ती २७ वर्षं चेकच्या क्लिअरिंगला होती. शब्द कळले नाहीत तरी आवाजावरून माणूस ओळखायची तिला खोड आहे. एकदा तिने विचारलं, "काय गं, ही रडतेय का भांडतेय?"

"दोन्ही, आजी."

"दोन्ही एकदम कसं जमेल? रडताना भांडता येत नाही. घसा दाटतो."

आईचा हा प्रश्न अनेकांचा आहे. रील्समधून ही गाणी आता घराघरांत शिरली आहेत. गायिका शकिराने विभक्त झाल्यावर गाणं काढलं तेव्हा आपल्याकडच्या बातम्यांतही ते आलं. पण लोक त्यात इतके का गुंतले, आणि दुःखाच्या गाण्यात एवढा ताठा कुठून आला, हे काही कोणी सांगितलं नाही. ते जरा उलगडून बघू.

## आधी ‘लॅटिन’चा घोळ मिटवू

इथे लॅटिन म्हणजे चर्चमधली जुनी भाषा नव्हे. स्पॅनिश आणि पोर्तुगीज बोलणाऱ्या अमेरिकेतलं, म्हणजे मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतचं, आणि सोबत स्पेनचंही संगीत अमेरिकी बाजाराने एका डब्यात भरलं आणि वर ‘लॅटिन’ अशी चिठ्ठी लावली. ग्रॅमी पुरस्कारांत लॅटिन पॉपचा वेगळा गट १९८४ सालच्या सोहळ्यापासून आहे, आणि लॅटिन ग्रॅमी हे स्वतंत्र पुरस्कार २००० साली सुरू झाले. मदुराईत कोणी ‘आज साउथ इंडियन खाल्लं’ म्हणत नाही, तसंच मेक्सिकोतला माणूस ‘लॅटिन पॉप ऐकतोय’ असं सहसा म्हणत नाही. तो गाण्याच्या प्रकाराचं नाव घेतो: बोलेरो, रांचेरा, बालादा.

आपला विषय बालादा. इंग्रजीतल्या जुन्या बॅलडशी या शब्दाची गल्लत होते. ते बॅलड म्हणजे गोष्ट सांगणारं गाणं, आपल्या पोवाड्याच्या जातीचं. स्पॅनिश बालादा आपल्या भावगीताच्या जवळची आहे. एकच मनःस्थिती, एकच माणूस बोलतोय, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हे माझंच चाललंय.

## बोलेरोच्या घरातली धाकटी

क्युबातल्या सांतियागो शहरात पेपे सांचेस नावाच्या गायकाने १८८३च्या सुमारास बांधलेलं एक गाणं पहिला बोलेरो मानलं जातं. त्याचं नावच ‘दुःखं’. म्हणजे घराण्याची सुरुवातच सुस्कारा टाकून झाली. पुढे बोलेरो मेक्सिकोत गेला. १९३० साली मेक्सिको सिटीत सुरू झालेल्या एक्सईडब्ल्यू या रेडिओ केंद्राने तो दूरदूरच्या स्पॅनिश भाषक घरांत नेला. मग तीन गिटारवाल्या त्रिकुटांचा जमाना आला. त्यातलं सगळ्यात गाजलेलं लोस पांचोस हे १९४४ साली चक्क न्यूयॉर्कमध्ये जमलं. २०२३ साली युनेस्कोने बोलेरोला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, क्युबा आणि मेक्सिको दोघांच्या नावाने.

१९६०च्या दशकात या बोलेरोच्या अंगावरचे दागिने उतरले. बोंगोची जोडढोलकी गेली, माराकांचे खुळखुळे गेले. त्यांच्या जागी ड्रम, पियानो आणि व्हायोलिनांचा ताफा आला, इटलीतल्या गाण्यांच्या स्पर्धांचा ढंग आला. ती झाली बालादा. १९७० साली मेक्सिकोतल्या एका गीत महोत्सवात २२ वर्षांचा होसे होसे ‘एल त्रिस्ते’, म्हणजे ‘दुःखी माणूस’, हे रोबेर्तो कांतोरालचं गाणं गायला. परीक्षकांनी त्याला तिसरा नंबर दिला. पहिले दोन कोण आले हे आज विचारलं तर शंभरातले नव्वद मेक्सिकन डोकं खाजवतील. तिसरा मात्र सगळ्यांना पाठ आहे.

## देस्पेचो: कुलुपाची किल्ली

आता या गाण्यांचा खरा शब्द. स्पॅनिशमध्ये प्रेमभंगाच्या या भावनेला ‘देस्पेचो’ म्हणतात. कोलंबियात तर ‘देस्पेचोचं संगीत’ असा अख्खा प्रकार आहे. शब्दकोश उघडला की विरह, दुःख वगैरे अर्थ अपेक्षित असतात, पण मुळात निघतं वेगळंच. हा शब्द लॅटिन ‘देस्पेक्तुस’वरून आला, आणि त्याचा अर्थ वरून खाली बघणं, तुच्छ लेखणं. (‘पेचो’ म्हणजे छाती, त्यामुळे देस्पेचो ऐकताना कानाला फाटलेली छाती ऐकू येते. पण व्युत्पत्ती तिथली नाही.)

म्हणजे देस्पेचो हे ‘तू गेलास’ याचं दुःख नाही. ‘तू मला काय समजलास’ याचं ते दुःख आहे. आपल्याकडे विरहिणी वेगळी आणि खंडिता वेगळी. नाट्यशास्त्रातल्या आठ नायिकांत ‘खंडिता’ ही, जिचा प्रियकर दुसरीकडे रात्र काढून सकाळी दारात उभा राहतो. तिचे डोळे ओले असतात आणि भुवई वर चढलेली असते. देस्पेचो म्हणजे त्या भुवईचं गाणं.

गंमत अशी की स्पॅनिशमध्ये ‘आ देस्पेचो दे’ असा प्रयोगही आहे. त्याचा अर्थ ‘त्याला न जुमानता’. दुखावलं जाणं आणि न जुमानणं, दोन्हीला एकच शब्द. आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. या परंपरेत बाई आधी रडून मग स्वाभिमान गोळा करत नाही, कारण जखमच मुळी मानाला झालेली असते.

## इस्त्री करताना ऐकायची गाणी

कोलंबियासारख्या देशांत १९७०-८०च्या बालादांना एक थट्टेचं नाव आहे: ‘मुसिका पारा प्लांचार’, इस्त्री करताना ऐकायचं संगीत. घरकाम करणाऱ्या बायका इस्त्रीचा ढीग उपसताना रेडिओवर ही गाणी लावायच्या, म्हणून. नाव शिष्टांनी ठेवलं, नाक मुरडून. मोलकरणींची गाणी. कालांतराने त्याच शिष्टांची मुलं तीच गाणी पार्ट्यांत हातात हात घालून ओरडायला लागली, आणि आता ते नाव लाडाचं झालं आहे. मेक्सिकोत यांना ‘कोर्तावेनास’, शिरा कापणारी गाणी, असंही म्हणतात. आपल्याकडचं ‘जीवघेणं’ जितक्या सहज तोंडात येतं तितक्याच सहज.

इस्त्रीचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. ज्या बाईला घरात कोणी बोलू देत नाही, जिच्या कामाची किंमत कोणी मोजत नाही, ती दुसऱ्याचा शर्ट कडक करत असताना रेडिओतली बाई तिच्या वतीने बोलते. आणि तेही पूर्ण आवाजात.

## गळा, पट्टी आणि चार पायऱ्या

आता गाण्याचं झाकण उघडून आत बघू. बालादाचा सांगाडा साधारण ठरलेला असतो. कडवं खालच्या सुरात, जवळजवळ बोलल्यासारखं. मग चढण. मग धृपद वर, तोंड पूर्ण उघडून. दोन कडवी, दोन धृपदं, आणि शेवटच्या धृपदाला एक हुकमी युक्ती असते: सगळा वाद्यवृंद एकदम अर्धा किंवा एक सूर वर सरकतो. पेटीवाल्यांच्या भाषेत, काळी चारमध्ये गाणारी बाई शेवटच्या फेरीत काळी पाच घेते. शब्द तेच, चाल तीच, पण ऐकणाऱ्याला वाटतं, बाई उठून उभी राहिली.

दुसरी युक्ती खाली उतरण्याची. स्पेनमधून आलेला स्वरसमूहांचा एक चार पायऱ्यांचा जिना आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, कोमल नी, कोमल ध, प. एकेक पायरी उतरत पंचमावर यायचं आणि तिथे थांबायचं. पण त्या शेवटच्या पायरीवर जो स्वरसमूह वाजतो त्यात शुद्ध निषाद असतो, आणि शुद्ध नी सा-कडे ओढल्याशिवाय राहत नाही. म्हणजे पाय खाली, नजर वर. घरच्या पेटीवर हे चार सूर सावकाश दाबून बघा, पंचमावर आलात की शेजारून शुद्ध नी हळूच लावा. हाताला लगेच कळेल की इथे थांबता येणार नाही.

आता आईची शंका. रडताना भांडता येत नाही हे तिचं म्हणणं शरीराच्या बाबतीत अगदी खरं आहे. हुंदका येतो तेव्हा स्वरयंत्राभोवतीचे स्नायू आवळतात, श्वास तुटक होतो. लांब सूर धरायला नेमकं उलटं लागतं: घसा मोकळा आणि पोटातून एकसारखा श्वास. म्हणून टिपेचा सूर आठ-दहा सेकंद धरणारी गायिका त्या क्षणी खरोखर रडत असूच शकत नाही. ती रडणं दाखवते. सूर सुरू होताना आवाजाला बारीकशी चीर पाडते, आणि पुढच्याच क्षणी तो सरळ तारेसारखा ताणते. ऐकणाऱ्याच्या कानावर दोन बातम्या लागोपाठ येतात, हिला लागलंय आणि हिचा श्वास शाबूत आहे. स्वाभिमान शब्दांत नंतर येतो, आधी फुप्फुसात असतो.

गोव्याच्या वाचकांना यातलं काही ओळखीचं वाटेल. मांडो या कोकणी गाण्यातही इबेरियातून, म्हणजे स्पेन-पोर्तुगालकडून, आलेली स्वरांची जुळणी आहे, संथ चाल आहे आणि ‘आदेवस’ म्हणत घेतलेला निरोप आहे. पण मांडो निरोप घेतो तो हात जोडून. बालादा दार आपटते.

## क्रियापदात लपलेला ‘तू’

भाचीने सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. स्पॅनिशमध्ये ‘तू मला सोडलंस’ म्हणायला ‘तू’ लागत नाही. ‘मे देखास्ते’ म्हटलं की झालं, शेवटच्या ‘-स्ते’मध्ये ‘तू’ बसलेला असतो. मराठीतही तेच: ‘सोडलंस’ म्हटलं की त्या ‘स’कडे बोट रोखलेलं असतं. नाव घ्यायची गरज नाही, आरोपीला बरोबर कळतं. इंग्रजीत हे जमत नाही. म्हणून या गाण्यांची इंग्रजी भाषांतरं वाचताना ती पाणचट लागतात, पण मराठीत सांगितली की लगेच धार चढते.

आणखी दोन नाती आहेत. ‘मी थकले’ आणि ‘मी थकलो’ हा फरक स्पॅनिशमध्येही दिसतो: बाई ‘कान्सादा’, पुरुष ‘कान्सादो’. गाणाऱ्याचं लिंग शब्दाच्या शेपटीत असतं. आणि तू-तुम्हीचा खेळही आहे, ‘तू’ आणि ‘उस्तेद’. बऱ्याच ठिकाणी प्रेमात ‘तू’ चालतं. ते संपलं आणि कोणी अचानक ‘उस्तेद’ म्हणायला लागलं, तर कान टवकारावेत. आपल्याकडे बायको शांतपणे ‘हो का? बरं, तुम्ही म्हणाल तसं’ म्हणते, तेव्हा जो गारवा पसरतो, तो.

## ‘तू’चा ‘तो’ होतो तेव्हा

एक गाणं जवळून बघू. ‘एसे ओंब्रे’, म्हणजे ‘तो पुरुष’. १९७९ साली स्पेनच्या रोसिओ हुरादोने गायलं. लिहिलं मॅन्युएल अलेहांद्रो आणि आना मॅग्दालेना या जोडीने. सुरुवात अगदी सभ्य. तिथे उभा आहे ना तो पुरुष, किती रुबाबदार, किती लाघवी दिसतो, त्याला मी पुरती ओळखते, अशा अर्थाची. आणि मग धृपद. त्यात शिव्यांची माळ लागते: मूर्ख, शिष्ट, आत्मकेंद्री, लहरी, विदूषक, खुजा. एकामागून एक विशेषणं, श्वास न घेता.

हे कानाला गाणं वाटतं, भांडण वाटत नाही, याचं एक कारण छंदात आहे. ‘एगोइस्ता इ काप्रिचोसो’ यात स्वर जोडून मोजले तर आठ अवयव भरतात. पुढच्या ‘उन पायासो वानिदोसो’मध्येही आठ. ही आठ अक्षरांची ओळ स्पॅनिश लोकगीतांचा जुना कणा आहे. आपल्यालाही ती परकी नाही: ‘जे का रंजले गांजले’, मोजा, आठच. ज्या मापात तुकोबांनी करुणा सांगितली त्याच मापात ही बाई त्या पुरुषाची धुलाई करते. माप दोष देत नाही, फक्त जिभेवर बसतं.

पण या गाण्याची खरी करामत सर्वनामात आहे. ज्याने दुखावलं त्याच्याशी ती बोलतच नाही. तो ‘तू’वरून ‘तो’वर घसरलाय. ‘तू’ ही जागा आता दुसऱ्याच कोणाची तरी आहे, त्या पुरुषाकडे कौतुकाने बघणाऱ्या व्यक्तीची. मला तर ती दुसरी बाईच वाटते, जी उद्या त्याच खड्ड्यात पडणार आहे. म्हणजे हे गाणं सूडाचं वाटतं, पण बांधलंय सावधगिरीच्या सूचनेसारखं: पुढे रस्ता खचलाय, गाडी सांभाळून. स्वतःची किंमत परत मिळवण्याचा यापेक्षा दिलदार मार्ग मला तरी या गाण्यांत दिसलेला नाही.

## कोरा चेक आणि पाठवलेलं बिल

‘किंमत’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. ‘त्याला तिची किंमत कळली नाही’ असं आपण सहज म्हणतो, आणि बाजारातल्या वांग्यांचीही किंमतच विचारतो. स्पॅनिशमध्येही ही गाठ आहे. ‘प्रेसियो’ म्हणजे किंमत, आणि ‘देस्प्रेसियो’ म्हणजे तिरस्कार, शब्दशः किंमत उतरवणं. आपलं ‘कवडीमोल’ तसंच.

एमा एलेना वाल्देलामार ही १९२५ साली जन्मलेली मेक्सिकन संगीतकार. बोलेरो लिहिणाऱ्या बायका मोजक्या होत्या त्या काळातली. तिने ‘चेके एन ब्लांको’, म्हणजे ‘कोरा चेक’, असा एक बोलेरो लिहिला. त्यात दुखावलेली व्यक्ती माजी प्रियकराला चेक धाडते. त्याच्या नावाने. रकमेच्या जागी लिहिलेलं असतं ‘देस्प्रेसियो’, हाच तुझा ‘प्रेसियो’ असावा, आणि खाली माझी सही. तिरस्कार आणि किंमत यांचं यमक स्पॅनिश भाषेने तिला आयतं दिलं होतं. त्याचा चेक करायची बुद्धी मात्र तिची.

हे गाणं पुढे गाजवलं पाकिता ला देल बार्रियोने. नावाचा अर्थ ‘वस्तीतली पाकिता’. जन्म १९४७, व्हेराक्रूस प्रांतातला. गेरेरो या मेक्सिको सिटीतल्या साध्या वस्तीत तिचं गाण्याचं हॉटेल होतं. अंगाने भारदस्त, चेहऱ्यावर हसू नाही, हात जवळजवळ स्थिर. संसारात झालेली फसवणूक तिने मुलाखतींत झाकून ठेवली नाही. गाण्याच्या मध्येच ती थांबायची आणि न दिसणाऱ्या नवऱ्याला विचारायची, "ऐकतोयस का रे, निकामी?" प्रेक्षकांतले पुरुषसुद्धा त्यावर टाळ्या पिटायचे. दोन पायांचा उंदीर म्हणून पुरुषाला झोडणारं तिचं गाणं तर म्हणीसारखं झालं. १७ फेब्रुवारी २०२५ला ती गेली.

आता शकिराकडे वळू. बार्सिलोनाचा फुटबॉलपटू जेरार्द पिकेपासून वेगळं होत असल्याचं जून २०२२मध्ये जाहीर झालं, आणि ११ जानेवारी २०२३ला अर्जेंटिनाच्या बिझार्राप या निर्मात्याबरोबर तिचं गाणं आलं. पहिल्या २४ तासांत यूट्यूबवर ६ कोटींहून अधिक वेळा पाहिलं गेलं. त्याच वर्षी सेव्हिलमध्ये झालेल्या लॅटिन ग्रॅमीत ते वर्षातलं सर्वोत्तम गीत ठरलं. (चालीने ही बालादा नाही, नाचायचं इलेक्ट्रॉनिक गाणं आहे. पण रक्त देस्पेचोचंच.) त्यातली जी ओळ जगभर फिरली, तिचा अर्थ: बायका आता रडत नाहीत, बायका ‘फाक्तुरान’. फाक्तुरार म्हणजे इन्व्हॉइस काढणं. मराठीत, बिल फाडणं.

बातम्यांत या ओळीचं फार कौतुक झालं, जणू हिशोबाची भाषा प्रेमभंगात पहिल्यांदाच आली. वाल्देलामारने चेक लिहून ठेवला होता, शकिराने बिल पाठवलं. वही जुनीच.

फरक एकच, आणि मला तो खटकतो. त्याच गाण्यात शकिरा स्वतःची आणि नव्या मैत्रिणीची तुलना करते: फेरारी देऊन साधी ट्विंगो गाडी घेतलीस, रोलेक्स देऊन कॅसिओ. चावा आहे, मजा येते, पण इथे किंमत ठरते दुसऱ्या बाईच्या तुलनेत, आणि तीही शोरूमच्या दराने. चेकवालीने दर लावला होता तो पुरुषाला. रोसिओ हुरादोच्या गाण्यात तर समोरच्या व्यक्तीला वाचवायची धडपड आहे. शकिराने चारच महिन्यांनी, मे २०२३मध्ये, मुलांसाठी ‘आक्रोस्तिको’ ही पियानोवरची बालादा काढली. तिच्यात ना गाड्या आहेत ना घड्याळं. गाजावाजा कमी झाला, पण मला विचाराल तर किंमत तिथे जास्त नीट मोजली आहे.

## ‘बिल फाडायला आधी धंदा हवा ना?’

हा आक्षेप योग्य आहे. इस्त्रीचा ढीग उपसणारी बाई कोणाला बिल पाठवणार? स्वाभिमान म्हणजे कमाई असं समीकरण झालं की जिची कमाई नाही तिच्या हातात काय उरतं? पण याच मुद्द्यावर जुन्या बालादा सरस ठरतात. त्यांतल्या बाईकडे पैसा नसतो, बहुतेक वेळा पर्यायही नसतो. असतो तो फक्त निकाल द्यायचा हक्क: तू कसा आहेस हे मी सांगणार. चेकवरची रक्कम ‘तिरस्कार’ असल्यामुळे खात्यात शिल्लक असायची गरज पडत नाही.

## ‘पण लिहिलं पुरुषांनीच ना?’

खरंय, बरंच काही पुरुषांनी लिहिलं. मेक्सिकोच्या हुआन गाब्रिएलने कितीतरी गायिकांच्या तोंडी त्यांची सर्वांत गाजलेली गाणी घातली. टेक्सासच्या सेलेनाचं एक प्रसिद्ध प्रेमभंगाचं गाणं तिच्याच बँडमधल्या रिकी व्हेलाने स्वतःच्या एकतर्फी प्रेमाच्या वेदनेतून लिहिलं आणि गायलं तिने. यात मला तरी फसवणूक दिसत नाही. रामजोशींनी, होनाजी बाळाने लावण्या लिहिल्या त्या बाईच्याच तोंडून बोलल्या ना? शब्द कुणाचेही असोत, कोणत्या शब्दावर थांबायचं, कुठे भुवई उचलायची, कुठे हसून विष पाजायचं, हे फडावर उभी असलेली ठरवते. पाकिताचा तो ‘निकामी’ तर कुठल्या गीतकाराच्या वहीत नव्हता.

## ‘ही नुसती जळफळ आहे’

मेक्सिकोत अशा बाईला एक शब्द चिकटवतात: ‘आर्दिदा’, जळलेली. आपलं ‘जळते मेली’ तेच. शब्द चतुर आहे, कारण तो तक्रारीचं उत्तर न देता तक्रार करणारीलाच रोगी ठरवतो. पण होसे होसेला ‘जळलेला’ म्हणून कोणी हिणवलं नाही. तो ‘दुःखी’ ठरला, आणि त्याच्या दुःखाची देशाने पूजा केली. तीच वेदना पुरुषाने गायली की काव्य आणि बाईने गायली की जळफळ, एवढा एक फरक लक्षात ठेवून ही गाणी पुन्हा ऐकली तर त्यांतला आवाज इतका मोठा का लागतो हे कळतं.

## पुन्हा स्वयंपाकघर

हे सगळं एका रविवारी मी आईला सांगितलं. भाचीने पाकिताचा चेक लावला आणि ओळीमागून ओळ मराठीत सांगत गेली. आई शेंगा बाजूला ठेवून ऐकत होती. गाणं संपल्यावर तिचा पहिला प्रश्न असा:

"रक्कम लिहिलीय, सहीही आहे. मग तो कोरा कसा? कोरा चेक म्हणजे रकमेची जागा मोकळी."

भाचीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, कविता आहे ती आई.

"कविता असू दे. नाव त्याचं घातलंय?"

"हो."

"तारीख?"

भाचीने त्या ओळी परत लावून बघितल्या. नाव आहे, रक्कम आहे, सही आहे. "तारीख नाही गं आजी."

आईने गवारीची परात पुन्हा पुढे ओढली. "मग हुशार आहे बाई. तारीख घातली असती तर तीन महिन्यांत शिळा झाला असता."